क्लबाच्या फाटकावरचा मासा

सुनिल्दा कायुलच्या कारखान्याची आणि माझ्या टायरपंक्चरच्या दुकानाची भिंत एकच. भिंत म्हणजे नुसता पत्रा. त्यामुळे गेली एकवीस वर्षं तिच्या दारात आलेल्या प्रत्येक मासेमाराच्या थापा मला बसल्या जागी ऐकायला मिळाल्या आहेत.

सुनिल्दा लाकडाचे मासे करते. आमच्या चिमेविन नदीचा नियम असा, की ट्राउट गळाला लावायचा, डोळे भरून बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मग घरी न्यायचं काय? म्हणून लोक फोटो घेऊन सुनिल्दाकडे येतात आणि ती तोच मासा लाकडात कोरून, रंगवून देते. पूर्वी ती चमचे आणि पोळपाट करायची. नवरा खोगिरांचे लाकडी सांगाडे करायचा. तो घोड्यावरून पडून गेला आणि त्याची हत्यारं हिच्याकडे राहिली. ज्या खोगिरावरून तो पडला ते दुसऱ्या कुणीतरी केलेलं होतं, हे ती अजून आवर्जून सांगते.

तिच्याकडे गिऱ्हाईक आलं की आधी दोन्ही हात पसरून लांबी दाखवतं. सुनिल्दा शांतपणे ऐकून घेते, मग विचारते, "नदीवर मोजला होतास का?"

"मोजला ना. सत्तर सेंटिमीटर."

"नदी इथून चार किलोमीटर. किलोमीटरला दोन सेंटिमीटर वाढतो मासा. बासष्टचा करते."

कुणी फारच हुज्जत घातली तर म्हणते, "सत्तरचा करून देते, पण मग फोटोतला तुझा पंजाही अस्वलाएवढा धरावा लागेल." एवढं म्हटलं की माणूस बासष्टला तयार होतो.

तर अशी ही बाई, वय अठ्ठावन्न, बुटकी, कमरेच्या एप्रनात कायम मोजायची फीत. मासेमारी क्लबाला पन्नास वर्षं होणार होती. फाटकावर दोन मीटरचा लाकडी ट्राउट बसवायचा असं ठरलं आणि काम तिच्याकडे आलं. नगरपालिकेने वादळात पडलेल्या सायप्रसचा ओंडका दिला. इथवर सगळं गोडीगुलाबीने झालं. मग कुणीतरी विचारलं, कोणता ट्राउट? तपकिरी की सप्तरंगी?

बाहेरच्या माणसाला यात भांडण्यासारखं काय, असं वाटेल. आमच्या गावात यावरून लग्नं मोडता मोडता राहिली आहेत. क्लबात सतरा माणसं तपकिरीची आणि सतरा सप्तरंगीची. तीन सभा झाल्या, खुर्च्या सरकल्या, एक ताट फुटलं. अध्यक्षबाई औषधाचं दुकान चालवतात, भांडण ऐकायची त्यांना सवय नाही. त्या म्हणाल्या, "आता सुनिल्दाबाई कोरतील तो मासा. विषय संपला."

विषय तिथे सुरू झाला.

तपकिरीच्या पक्षाचा म्होरक्या बाल्दोमेरो ओब्रेके. आम्ही त्याला बाल्दो म्हणतो. वाळलेल्या फांदीसारखा माणूस, दिवसाला वीस शब्द बोलणार. सप्तरंगीच्या पक्षाचा पुढारी एर्विन हूबे, पोट सुटलेला, आवाज घाटापलीकडे जाणारा. दोघंही पाहुण्यांना नदीवर नेऊन, गळाला पिसांची खोटी माशी बांधून मासेमारी शिकवतात, त्यावरच दोघांची घरं चालतात. शिवाय बाल्दोची बहीण एल्बा एर्विनला दिलेली. म्हणजे नातं दाजी-मेव्हण्याचं, आणि दर रविवारी निखाऱ्यावरचं मांस एकाच अंगणात.

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला तसे दोघं सुनिल्दाच्या कारखान्यात येऊन बसू लागले. एके दिवशी एकाच वेळी आले. मी हातातला टायर खाली ठेवला आणि पत्र्याजवळ स्टूल ओढलं.

एर्विन म्हणाला, "सुनिल्दा, मासा म्हणजे कसा पाहिजे? भर उन्हात, भर प्रवाहात उभा. माशी टाकली की धाव घेतो. लागला की पाच पाच उड्या मारतो, अर्धी दोरी घेऊन पळतो. पाहुणा ओरडतो, त्याची बायको ओरडते. अंगावर तो गुलाबी पट्टा. असा मासा फाटकावर शोभेल."

"शोभेल," बाल्दो म्हणाला. "सर्कशीच्या फाटकावर."

"ऐकलंस? मेव्हण्यांचा तपकिरी म्हणजे झाडाच्या मुळाखाली बसलेला म्हातारा वकील. तीन दिवस पाहुण्याला चिखलात उभं करतात हे. आणि चौथ्या दिवशी सांगतात, आज त्याचा मूड नाही."

"मूर्खाला कुणीही फसवतं, दाजी. तपकिरीला फसवायला आयुष्य लागतं. एकदा गळ टोचला तर तो वर्षभर विसरत नाही. तुमचा सप्तरंगी दहा मिनिटांनी परत त्याच माशीला येतो."

"उमदा आहे तो. मनात काही ठेवत नाही."

"मनच नाही, ठेवणार कुठे?"

सुनिल्दा माशाच्या पोटाला सँडपेपर घासत होती. न थांबता म्हणाली, "माझे पणजोबा या नदीवर होते तेव्हा यातला एकही मासा नव्हता. दोघांचीही अंडी बोटीतून आली, एर्विन, तुझ्या आजोबांसारखीच. आता कोण जास्त इथला, यावर तुम्ही माझं डोकं खाताय."

यावर दोघं उठून गेले. पण दुसऱ्या दिवसापासून वस्तू यायला लागल्या. सप्तरंगीवाल्यांकडून कोकराची तंगडी आणि रासबेरीच्या मुरंब्याच्या सहा बाटल्या. तपकिरीवाल्यांकडून धुरावलेलं चीज आणि गाडीभर फोडलेली लाकडं. सुनिल्दाने दोन्हीकडचं घेतलं, दोघांनाही 'बघते' म्हणाली आणि ओंडक्यावर ताडपत्री टाकून ठेवली. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. ताडपत्री निघेना. मुरंबा मात्र मलाही मिळत होता, म्हणून मी काही बोललो नाही.

फेब्रुवारीत एल्बा आली. माझ्याकडे सायकलचं चाक दिलं आणि पलीकडे जाऊन सुनिल्दासमोर बसली. सुनिल्दाने माते या कडसर पानांच्या चहाच्या भांड्यात गरम पाणी ओतून चोखायची नळी तिच्याकडे वळवली. बराच वेळ नुसता चोखल्याचा आवाज आला.

"सुनिल्दाबाई, एर्विनचं कुठेतरी आहे," एल्बा म्हणाली.

"कुठे?"

"ते कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते? आठवड्यातून तीनदा संध्याकाळी जातो. विचारलं तर म्हणे सप्तरंगीवाल्यांची बैठक. काल त्या बैठकीतले दोघं माझ्या अंगणात त्याला शोधत आले होते. येतो तेव्हा केस ओले, अंगाला साबणाचा वास. लग्नाला एकतीस वर्षं झाली, हा माणूस शनिवारशिवाय आंघोळ करत नव्हता."

"नवीन शर्ट वगैरे?"

"नाही. उलट सगळ्यात जुना, काळपट शर्ट घालून जातो."

"मग बाई गरीब दिसते," सुनिल्दा म्हणाली.

एल्बाला हसू आलं नाही. सुनिल्दानेही मग मस्करी आवरली आणि तिला एक चीज बांधून दिलं, तिच्याच भावाने आणलेलं.

मार्चमध्ये अध्यक्षबाईंनी निरोप पाठवला की एप्रिलअखेर मासा हवा. तेव्हा सुनिल्दाने दोन्ही पुढाऱ्यांना बोलावलं. "मी जन्मात गळ टाकलेला नाही," ती गंभीरपणे म्हणाली. "दोघांनी मला एकेकदा नदीवर न्या. हाताला काय लागतं ते बघते, मग ठरवते."

पत्र्याच्या अलीकडे मला ठसका लागला. एका नाताळला सफरचंदाची दारू जरा जास्त झाली तेव्हा तिने मला सांगितलं होतं, की सात वर्षांची असल्यापासून ती रिकाम्या डब्याला दोरी गुंडाळून, टोकाला नाकतोडा लावून ट्राउट धरायची. एका उन्हाळ्यात तिने सगळ्या घराला मासे खाऊ घातले होते. नंतर मी तिला विचारलं, "खोटं का बोललीस?"

"बाईला काही येत नाही असं वाटलं की पुरुष खरं सांगतात," ती म्हणाली. "तुझा ट्रक लागेल. डिझेल ते भरतील."

एर्विनबरोबर आम्ही दुपारी बाराला गेलो. लख्ख ऊन, पाणी दगडांवरून खळाळत होतं. त्याने सुनिल्दाला छातीपर्यंतचा रबरी पायजमा चढवला, तो तिला हनुवटीपर्यंत आला. काठी हातात दिली, मागून मनगट धरून दोनदा झुलवून दाखवली. तिसऱ्यांदा तिने स्वतः टाकली, जरा जास्तच नीट. पिसांची माशी फेसाच्या कडेला उतरली न उतरली तोच पाणी फुटलं.

"उडी मारेल तेव्हा काठी खाली घे," एर्विन ओरडला. "नमस्कार कर त्याला. दोरी सैल सोड, नाहीतर तोडेल."

मासा हवेत गेला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा सुनिल्दा काठी खाली घ्यायची विसरून नुसती बघत राहिली आणि दगडावरून घसरून पाण्यात बसली. पायजम्यात पाणी भरलं. मासा तुटून गेला आणि ती तशीच बसून हसत राहिली. तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. ऊन उतरेपर्यंत तिने चार धरले, चारही सोडले. एर्विनने परतीच्या वाटेवर गाणं म्हटलं. त्याच्या मते निकाल लागलेला होता.

बाल्दोने मात्र तीन संध्याकाळी मागून घेतल्या. जागा वाळुंजाच्या झाडांखालच्या डोहाची. तिथे पाणी काळं आणि संथ, काठची मुळं पाण्यात उतरलेली. त्याने सुनिल्दाला डोक्यावरचा लाल रुमाल काढायला लावला, मला ट्रकचं दार न आपटता लावायला शिकवलं, आणि तिघं झुडपामागे बसलो. पहिल्या संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या संध्याकाळी एकदाच मुळाशी पाणी गोल हललं. बाल्दोने बोट दाखवलं, काठी उचलली नाही.

"टाकत का नाहीस?" सुनिल्दाने कुजबुजत विचारलं.

"अजून तो संशयात आहे."

"कशावरून?"

"त्याच्या जागी मी असतो, तर असतो."

ट्रकमध्ये ती मला म्हणाली, "एकवीस वर्षं पुरुषांचं ऐकतेय. पहिल्यांदा एक भेटला जो बोलत नाही. बरं वाटतं. पण ढुंगणाला गारठा फार लागतो."

तिसऱ्या संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला होता, आभाळ अजून उजळ होतं. बाल्दो काठी उचलणार, एवढ्यात डोहाच्या खालच्या टोकाला कुणीतरी पाण्यात उतरलं. डोक्यावर काळी लोकरी टोपी, अंगात काळपट शर्ट. अगदी हलक्या पावलांनी, एवढ्या देहाला न शोभणाऱ्या. त्याने माशी टाकली. बाल्दोने डोळे बारीक केले.

"दाजी," तो म्हणाला, आणि उठायलाच लागला. त्याच्या तोंडावर तीस वर्षांचे नाताळ एकदम आल्यासारखा उजेड होता. सुनिल्दाने त्याचा पट्टा धरून खाली बसवला.

"थांब. बघू दे," ती म्हणाली. "एल्बाची सवत कशी दिसते ते कळेल."

आम्ही बघत बसलो. एर्विनने वीस वेळा टाकली असेल. मग मुळाजवळ काहीच आवाज झाला नाही, नुसती दोरी ताठ झाली. उडी नाही, धाव नाही. काठी वाकली ती वाकतच गेली. मासा सरळ खाली, मुळांच्या जाळ्याकडे निघाला होता. आणि एर्विनने तेच केलं जे तो तीस वर्षं दुपारी, सप्तरंगी धावत सुटला की, करत आला: काठी आभाळात उंच धरली आणि दोरी सोडायला लागला.

बाल्दोच्या घशातून एक आवाज आला. त्याने मूठ चावली. पण माणसाला काही गोष्टी बघवत नाहीत.

"काठी खाली, गाढवा," तो झुडपातून ओरडला. "आडवी धर. पाण्याला टेकव. दोरी देऊ नकोस, बाजूने ओढ. बाजूने."

एर्विनने कोण ओरडलं हे बघितलंसुद्धा नाही. काठी आडवी केली आणि बाजूने ओढली. बाल्दो बुटांसकट पाण्यात शिरला. मासा मुळापर्यंत गेला, थांबला, परत फिरला. असं बराच वेळ. शेवटी बाल्दोने हातजाळी खालून घातली आणि दाजी-मेव्हणे कमरेएवढ्या पाण्यात, मध्ये तो मासा, असे धापा टाकत उभे राहिले. पिवळंजर्द पोट, कुशीवर लाल ठिपके, खालचा जबडा आकड्यासारखा वर वळलेला.

सुनिल्दा पाण्यात उतरली, फीत काढली आणि मोजला. "अडुसष्ट," ती म्हणाली. घेरही घेतला, जबड्याची लांबी घेतली, डोळ्यापासून शेपटीपर्यंतचं अंतर घेतलं. मग एर्विनने मासा हातात धरून पाण्यात हळूहळू पुढेमागे केला, आणि तो गेला.

तिघं निथळत काठावर आले.

"किती दिवस चाललंय हे?" बाल्दोने विचारलं.

"अकरा वर्षं. आधी वर्षातून एकदोनदा, यंदा आठवड्यातून तीनदा." एर्विनचा आवाज इतका बारीक मी पहिल्यांदा ऐकला. "विसरलेली जाळी न्यायला एका संध्याकाळी आलो होतो. हा वर आला, एक किडा खाल्ला, माझ्याकडे बघितलं आणि गेला. आठवड्याला चाळीस सप्तरंगी पाहुण्यांना धरून देतो मी. त्यातल्या एकानेही माझ्याकडे बघितलेलं नाही."

"हाच तो? अकरा वर्षं मासा जगत नाही, दाजी."

"हा नाही तर याचा बाप असेल."

मला वाटलं, आता बाल्दो तीस वर्षांचं उट्टं काढणार. त्याने हात पुढे केला. "माशी दाखव."

एर्विनने दाखवली. बाल्दोने ती उजेडाकडे धरली. "मागचं पीस जास्त झालंय," तो म्हणाला. "तरी घेतली म्हणजे नजर गेली असेल बिचाऱ्याची."

"एल्बाला सांगू नका," एर्विन म्हणाला. "या डोहाच्या चिखलाचा वास दर वेळी साबणाने धुऊनच घरी जातो मी."

"तिला वाटतंय तू बाई ठेवली आहेस," सुनिल्दा म्हणाली.

एर्विनने जरा विचार केला. "क्लबाला कळण्यापेक्षा ते बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनिल्दाने ताडपत्री काढली आणि ओंडक्यावर पहिली खूण मारली. तिसऱ्या आठवड्यात जबडा तयार झाला तेव्हा तिने एल्बाला बोलावून घेतलं, त्या अर्ध्या माशासमोर उभं केलं आणि सगळं सांगितलं.

एल्बा त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. "ही?" ती म्हणाली. "जबडा वाकडा, पोट सुटलेलं, डोळे वटारलेले. हिच्यात काय बघितलं त्याने?"

"ही नाही, हा. नर आहे."

"देवा," एल्बा म्हणाली आणि माझ्या दुकानात येऊन टायरांच्या ढिगावर बसली. आधी मला वाटलं रडतेय. पाणी दिलं तर ते नाकातून बाहेर आलं, एवढं हसू. जाताना तिने मला बजावलं, "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. साबण लावून येतोय तोवर येऊ दे."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मासा फाटकावर चढला. चादर ओढली, आणि खाली अडुसष्ट सेंटिमीटरचा तोच तपकिरी, तिपटीने मोठा. सतरा माणसांनी टाळ्या वाजवल्या. उरलेल्या सोळांनी एर्विनकडे बघितलं. त्याने भाषण तयार ठेवलं असणार, अशी सगळ्यांची खात्री. एर्विन घसा खाकरून म्हणाला, "जबडा बरोबर आलाय."

"तुला काय माहीत तपकिरीचा जबडा?" त्याच्याच पक्षातल्या एकाने विचारलं.

"त्याला माहीत असणार," एल्बा म्हणाली, आईस्क्रीम चाटत. "संध्याकाळी तो तिकडेच तर असतो."

क्लबात अशी शांतता मी वर्गणीच्या दिवशीही ऐकली नाही. एर्विन मानेपासून कानापर्यंत लाल झाला. तेव्हा बाल्दो पुढे आला. "मीच नेतो त्याला," तो म्हणाला. "शिकवतोय. जरा मठ्ठ आहे, पण येईल हळूहळू."

हे मदत म्हणून होतं की सूड म्हणून, ते बाल्दोलाच माहीत. एर्विनचा आवाज मात्र परत आला. "शिकवतोस? मासा माझ्या काठीला लागला होता."

"आणि मुळाखाली चालला होता."

"माशी माझी होती."

"अक्कल माझी."

अध्यक्षबाईंनी केक कापायला सांगितला. कुणी ऐकलं नाही.

परत येताना मी सुनिल्दाला विचारलं, "खरं सांग, तुझ्या मते कोणता मासा चांगला?"

"तपकिरी कोरायला सोपा," ती म्हणाली. "दबा धरून बसतो. लाकडालाही बसून राहणंच जमतं. सप्तरंगीची उडी लाकडात येत नाही. पाच वेळा करून बघितली. पाचही वेळा झाडावरून पडल्यासारखा दिसतो. चुलीत घातले."

"केव्हा करून बघितलीस?"

"नसते प्रश्न विचारू नकोस. ऑक्टोबरात."

मी गाडी चालवत राहिलो. ऑक्टोबर म्हणजे हंगामाच्याही आधी. म्हणजे एकही पुढारी, एकही मुरंब्याची बाटली यायच्या आधी बाईचं ठरलेलं होतं. मी तसं म्हणालो.

"ठरलेलं नव्हतं," ती म्हणाली. "जमलेलं नव्हतं. डावीकडे घे."

डावीकडे नदी होती, एर्विनने नेलं होतं तो खळाळता उतार. तिने पिशवीतून वीतभर लाकूड आणि सुरी काढली, काठावरच्या दगडावर बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. मी इंजिन बंद केलं. दुपार होती, ऊन होतं. बऱ्याच वेळाने फेसातून एक मासा वर उडाला, वळला आणि पडला. सुनिल्दाने सुरी टेकवली, जरा थांबली, मग सुरी उचलून पुन्हा पाण्याकडे बघायला लागली.